डाव्या वळणाचे क्रूस

टोपलीतला पहिला क्रूस उचलला आणि एनिड ट्रेझाइजचा हात हवेतच राहिला. झावळीच्या पातीचा, वर्षभर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कॅलेंडरमागे खोचून ठेवल्यामुळे पिवळट, तेलकट झालेला, वीतभर लांबीचा क्रूस. असे क्रूस तिनं वीस वर्षांत शेकड्यांनी हाताळले होते. पण याच्या मधोमध, जिथं उभी पात आडवीला आवळून धरते, तिथली तिरकी घडी डावीकडे झुकली होती. साऱ्या जगाची उजवीकडे झुकते. डावीकडे झुकायची ती एकट्या क्लेम हार्टविगची, कारण क्लेम डावखुरा होता. तिनं दुसरा उचलला, तोही डावा. तिसरा तेवढा उजवा आणि बेढब, म्हणजे मर्व्हचा. चौथा डावा, पाचवा डावा. क्लेमला जाऊन सहा महिने झाले होते. इतके दिवस तो कुठंही दिसला नव्हता, स्वप्नातसुद्धा नाही, आणि आज देवळाच्या हॉलच्या मागच्या पायरीवर, बिस्किटांच्या जुन्या टोपलीतून, एकेक करून तिच्या हातात येत होता. 

दुसऱ्या दिवशी भस्म बुधवार होता. गेल्या वर्षी ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, घरी नेलेले क्रूस लोकांनी आदल्या दिवशी परत आणून द्यायचे, ते जाळायचे, आणि त्या राखेनं बुधवारी प्रत्येकाच्या कपाळावर खूण करायची, की बाबांनो, मातीचे आहात आणि मातीतच जायचंय. संत कथबर्टच्या देवळात हे काम क्लेम आणि एनिड या दोघांकडे होतं. म्हणजे क्लेम जाळायचा आणि एनिड काडेपेटी घेऊन शेजारी उभी राहायची. राख तो डब्यात भरून घरी न्यायचा आणि बुधवारी सकाळी काळी, ओलसर, तयार अशी वाटीत घालून आणायचा. आत हॉलमध्ये उपवासकाळाआधीचे पॅनकेक तळले जात होते, त्याचा वास मागच्या दारापर्यंत येत होता. बाहेर एक्केचाळीस अंश उकाडा आणि वाळवंटावरून येणारा उत्तरेचा वारा, ओठ फुटतील असा. सबंध ॲडिलेडभर सकाळपासून उघड्यावर जाळ करायला बंदी होती. मर्व्ह कॅडी दारात आला. बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवून आता देवळाचा कारभार चालवणारा, टक्कल असलेला, मोठ्या आवाजाचा मर्व्ह. हातात उलथनं तसंच होतं.

‘‘एनिड, काडी ओढू नकोस हं आज. नाहीतर तुरुंगात तुला पॅनकेक पोचवायला मलाच यावं लागेल.’’

‘‘मग उद्याची राख?’’

‘‘तुझ्या ओव्हनमध्ये कर. नाहीतर आपल्या पाळक जॉसला सांगू, यंदा काजळ लाव म्हणून. मला काय, मैदान मोठं आहे,’’ असं म्हणून त्यानं टक्कल थोपटलं. ‘‘बघतेस ना तू?’’

‘‘बघते मी,’’ एनिड म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजातला आनंद ऐकून चपापली.

तिनं टोपली घरी नेली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि क्रूस वेगळे केले. उजवे आठ, डावे तेहतीस. तेहतीस क्रूस तिनं ओळीनं मांडले आणि समोर खुर्ची ओढून बसली. ओव्हन बाजूलाच होता. ताटात पसरून पंधरा मिनिटांत सगळं काळं झालं असतं. पण तिचा हात जाईना. माणूस गेल्यावर बाकीच्यांना काहीबाही मिळतं. बायकोला घड्याळ मिळतं, मुलांना खुर्च्या मिळतात, भावाला कोट मिळतो. एनिडला काय मिळणार होतं? ती क्लेमची बायको नव्हती; बायको कधीच वारली होती. बहीण नव्हती, वहिनी नव्हती. मैत्रीण म्हणावं तर त्या शब्दावर क्लेमच खो खो हसला असता. पर्थहून त्याची मुलगी आली होती, चांगली, दमलेली मुलगी. अंत्यविधीनंतर एनिडचा हात हातात घेऊन ती म्हणाली होती, ‘‘तुम्हीच ना बाबांबरोबर ते पत्रक काढायचात?’’ एनिड हो म्हणाली. ती त्या दिवशी चौथ्या रांगेत बसली होती, कारण पहिल्या तीन घरच्यांसाठी होत्या. आठवड्याभरात मुलीनं घर रिकामं केलं. तिथून जाताना एनिडनं फाटकापाशी कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा भरलेला पाहिला, वर क्लेमच्या वह्या, त्याचं ते डावीकडे कलणारं, शाईनं माखलेलं अक्षर. उचलायला काय लागत होतं? कुणी अडवलंही नसतं. पण रस्त्यावर उभं राहून परक्या माणसाच्या कचऱ्यात हात घालायचा, तर कुणी विचारलं असतं, तुम्ही कोण? ती तशीच घरी आली होती.

ते पत्रक म्हणजे रविवारी देवळात वाटायचा एक कागद. पुढच्या पानावर त्या दिवसाची वचनं, मागे आजाऱ्यांची नावं, चहाची पाळी कुणाची, आणि मध्ये चौकटीत वचनावरचं चिंतन. एक रविवार क्लेमचा, एक एनिडचा. नाव कुणाचंच नाही. दर गुरुवारी तिच्या या टेबलाशी बसून दोघं भांडायची. क्लेमचं म्हणणं असायचं की शास्त्र लिहिणाऱ्यांना पृथ्वीचा हा खालचा भाग ठाऊक नव्हता, म्हणून आपलं वर्ष आपणच जुळवून घ्यायला हवं. नाताळाआधीच्या आगमनकाळात वचन येतं, जागे राहा. क्लेम लिहायचा, डिसेंबरात इथं उकाड्यानं आणि डासांनी कुणाला झोप लागतेय. देवानं हे वेगळं सांगायची गरज नव्हती. बर्फाची नाताळगाणी घामाघूम होऊन म्हणणाऱ्यांकडे तो असा काही बघायचा की एनिडला हसू आवरत नसे. पेंटेकॉस्टच्या सणानंतरचे, साधारण जूनपासूनचे पाच-सहा महिने वेदीवर हिरवं कापड असतं; वरच्या देशांत तेव्हा सगळं करपलेलं किंवा गळत असलेलं, पण आपल्याकडे त्याच वेळी पाऊस पडतो आणि माळ खरोखर हिरवा होतो, तेव्हा हे कापड कुणीतरी आपल्याला डोळ्यांपुढे ठेवूनच विणलंय, असं त्याचं मत. त्याच हिरव्या काळात, ऑगस्टमध्ये, तो गेला. भस्म बुधवारी तर दरवर्षी तेच. वचन असतं, उपास करताना तोंड धुऊन नीटनेटके राहा, जगाला दाखवू नका. क्लेम म्हणायचा, ‘‘बघ एनिड, येशू सांगतो तोंड धुवा, आणि आपण पाच मिनिटांत एकमेकांच्या तोंडाला काळं फासतो!’’ पत्रकांची फाइल होती तिच्याकडे, वीस वर्षांची. पण छापलेल्या अक्षराला हात नसतो. तिला हात हवा होता. त्याच्या बोटांनी ओढलेलं, आवळलेलं, दातांनी टोक तोडलेलं काहीतरी हवं होतं, आणि ते आता टेबलावर तेहतीस वेळा पडलं होतं. गेल्या पानगळीत त्याचे हात कापायला लागले होते, कप बशीवर वाजायचा. तरी त्यानं एवढे केले! तिला रडू आलं, आणि कुणी नव्हतं म्हणून ती मोकळेपणानं रडली.

मग राखेचं काय? आठ क्रुसांची राख चिमूटभर होईल, तीस कपाळांना पुरणार नाही. दिवाणखान्यातली शेकोटी हिवाळ्यानंतर तिनं साफ केली होती आणि ती राख बादलीत भरून गुलाबांसाठी मागे ठेवली होती. माली झुडपाच्या मुळांची राख, बारीक, फिकट. मालीची मुळं दगडासारखी जड असतात आणि रात्रभर निखारा धरतात. क्लेम दर मे महिन्यात भावाच्या शेतावरून ट्रेलर भरून आणायचा आणि अर्धी तिच्या दारात ओतायचा. तिनं दोन पळ्या राख घेतली, रंगासाठी कोळसा कुटून घातला, चहाच्या गाळणीतून चाळली. कोरडी राख कपाळाला लागेना, म्हणून चमचाभर पाणी घातलं. क्लेम काय घालायचा ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. वाटी तर ओली असायची एवढं खरं. काळा, मऊ लगदा झाला, अगदी त्याच्यासारखा. राख ती राख, तिनं स्वतःला समजावलं. देवाला कसलं वावडं आहे? पण आठ उजवे क्रूसही तिनं न जाळता पिशवीत घालून कपाटात टाकले, आणि पिशवी दिसू नये म्हणून वर टेबलाचं कापड घडी करून ठेवलं. असं काही लपवायची वेळ तिच्यावर शाळेत असताना आली होती, त्यानंतर आजच.

बुधवारी संध्याकाळी देवळात सगळी दारं उघडी टाकली होती तरी हवा हलत नव्हती. पाळक जॉस एका बाजूला उभी राहिली, पंचेचाळिशीची, उंच, सायकलवरून येणारी, झग्याखाली चपला घातलेली. दुसऱ्या बाजूला वाटी घेऊन एनिड. लोक एकेक करून पुढे आले. एनिडला हा दिवस दरवर्षी आवडायचा आणि त्याचं कारण तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एकटं राहणाऱ्या माणसाला कुणी हात लावत नाही. दुकानातली मुलगी सुटे देताना बोटं लागतात तेवढंच. वर्षातून एकदा, या दिवशी, पंधरा माणसं आपण होऊन चेहरा पुढे करतात, डोळे मिटतात, आणि त्यांच्या कपाळावर अंगठा टेकवायचा. कुणाचं कपाळ गार, कुणाचं घामानं चिकट, कुणाचं हाड लागणारं. मातीचा आहेस, मातीत जाशील, असं म्हणायचं, म्हणजे दुसरं काही न बोलता त्याला जवळ घेतल्यासारखंच. मर्व्ह गुडघे वाकवून आला आणि पुटपुटला, ‘‘कंजुषी करू नकोस.’’ सेला आली, टोंगा बेटांवरची, वृद्धाश्रमात काम करणारी, गेल्या वसंतात या देवळात यायला लागलेली. तिनं एनिडच्या मनगटाला हलकेच हात लावून आभार मानले. शेवटी जॉसनं एनिडच्या कपाळावर खूण केली. एनिडनं डोळे मिटले. तिला वाटलं होतं की खोटी राख जड लागेल, पण तसं काही झालं नाही. फक्त थोडी चुरचुरली. अंगठाही चुरचुरत होता. उन्हाळाच तसा आहे, तिला वाटलं.

सकाळी आरशात तिनं पाहिलं तर कपाळावर क्रूस तसाच होता. काळा नव्हे, लाल. रात्री साबण लावून तोंड धुतलं होतं. तिनं बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. कातडी भाजल्यासारखी चकाकत होती, आणि उजव्या अंगठ्याचं साल निघालं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

‘‘एनिड, तुमचं कपाळ कसं आहे?’’ जॉस विचारत होती.

‘‘का गं?’’

‘‘माझं लाल झालंय. सेलाचाही फोन आला. वृद्धाश्रमातल्या आजीबाई तिला विचारतायत, नवऱ्यानं डाग दिला का म्हणून. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले राखेत पाणी पडलं की दाहक क्षार तयार होतो, कातडी जाळतो. तेलात कालवायची असते म्हणे. तुम्ही...’’

‘‘पाणी घातलं मी. मला माहीत नव्हतं, जॉस. ते क्लेम करायचा.’’

‘‘अहो, मला तरी कुठं माहीत होतं? घाबरू नका, दोन आठवड्यांत जाईल.’’ मग म्हणाली, ‘‘राख झावळ्यांचीच होती ना पण?’’

‘‘मग आणखी कशाची असणार?’’ एनिड म्हणाली. सरळ खोटं बोलता आलं नाही म्हणून प्रश्नाला प्रश्न टाकला, आणि ते खोट्याहून वाईट वाटलं. क्लेम असता तर त्यानं तिथल्या तिथं पकडलं असतं.

रविवारी देवळात तीस माणसं बसली होती आणि तिसांच्या कपाळावर लाल क्रूस होता. कुणी केस पुढे ओढले होते, कुणी पट्टी लावली होती. मर्व्हच्या टकलावर तर तो वेशीवरच्या पाटीसारखा लांबून दिसत होता. तो चहाच्या टेबलाशी सगळ्यांना सांगत होता, ‘‘सत्तर वर्षांत पहिल्यांदा भस्म बुधवार गुरुवारपर्यंत टिकला! बसमध्ये एक बाई उठून मला जागा द्यायला लागली. म्हटलं, बाई, मी संत नाही, भाजलोय.’’ सगळे हसले. एनिडवर कुणीच रागावलं नाही, आणि त्यानं तिला जास्तच लाज वाटली. त्या दिवशीचं वचन होतं रानातल्या चाळीस दिवसांचं. तिनं चौकटीत लिहिलं होतं की मोहाला शिंगं नसतात, तो आपल्याच जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो. कुणी वाचलं असेल तर समजलं नसेल.

पुढचे आठवडे तसेच गेले. कपाळावरची खूण फिकी होत गेली, सालपट निघालं, खाली गुलाबी कातडी आली. उकाडा ओसरला. संध्याकाळी समुद्रावरून गार वारा यायला लागला आणि रस्त्यावरच्या झाडांची पानं कडेनं पिवळी दिसायला लागली. एनिड टेबलावर जेवत नसे आता; ओट्याशी उभ्यानं जेवायची. टेबल क्रुसांचं होतं. गुरुवारी ती खुर्चीवर बसायची, एक क्रूस हातात घ्यायची आणि डाव्या घडीवरून अंगठा फिरवायची. साल गेलेल्या अंगठ्याला ती घडी नीट लागायची. त्यातून तिला ते शनिवार आठवायचे, हॉलमधला लांब बाक, ओल्या झावळ्यांचा हिरवा वास, आणि उजवीकडे क्लेम. तिच्या उजव्या कोपराला त्याचं डावं कोपर दर पातीला लागायचं. ‘‘सरक की, एनिड. देवानं एवढा लांब बाक दिलाय.’’ ‘‘तूच सरक.’’ दोघंही सरकत नसत. वीस वर्षं दोघंही सरकली नव्हती, आणि ते का, हे कुणी बोललं नव्हतं. बोलायला हवं होतं का? तिला वाटायचं, बोललो असतो तर कदाचित उठून दुसरीकडे बसावं लागलं असतं. तिला त्याची आठवण येत होती एवढंच नव्हतं. आठवणीवर आपला हक्क आहे की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि एकटेपणा म्हणतात तो बहुधा हाच असावा. क्रूस मात्र हातात होते. ते परत द्यायचे नाहीत, जाळायचे नाहीत, कुणाला सांगायचं नाही. मेल्यावर कुणी घर रिकामं करायला आलं की बघेल काय ते.

उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी गव्हाच्या दाण्याचं वचन आलं. दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. तीन वर्षांनी एकदा ते फिरून येतं, आणि ते नेहमी क्लेमचं असायचं, कारण तो गव्हाच्या मुलखातला. मागच्या वेळी त्यानं लिहिलं होतं की वरच्या देशात हे वचन उगवत्या कोंबांकडे बघत वाचतात, पण आपल्याकडे ईस्टरच्या आगेमागे शेतकरी खरोखर पेरणीची तयारी करत असतो, मातीत अजून काहीही नसतं, आणि म्हणून या वचनाची भीती आपल्याला जास्त कळते. एनिडनं फाइल उघडून ते वाचलं. तसंच उतरवून दिलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण तिला ते करवेना. दोन तास बसून तिनं तीनच ओळी लिहिल्या: दाण्याचं काय होतं ते प्रभूनं सांगितलं आहे. मूठ उघडून दाणा टाकणाऱ्याचं काय होतं ते सांगितलेलं नाही. मला अजून मूठ उघडता येत नाही. ‘मला’ हा शब्द त्या चौकटीत वीस वर्षांत पहिल्यांदा छापला गेला. जॉसनं तो वाचून चहाच्या वेळी तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं मात्र नाही.

मग झावळ्यांच्या रविवारच्या आदला शनिवार आला. अंगणातल्या खजुराच्या झाडाच्या झावळ्या मर्व्हनं शिडीवर चढून तोडल्या, आणि खाली उतरताना जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या जॉसनं ऐकू न आल्यासारखं केलं. हॉलमध्ये लांब बाक मांडला होता. एनिड तिच्या नेहमीच्या जागी बसली, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. कुणी त्या जागी बसलं नाही. सगळ्यांना कळत होतं की काय, असं वाटून तिला कसंतरीच झालं. तिनं पात उचलली, दुमडली, वळवली. हाताला सवय होती, डोळे दुसरीकडेच होते. सेला मागे उभी होती. तिनं आधी हे क्रूस कधी केले नव्हते, पण चटया विणण्यात तिचं बालपण गेलं होतं. ती बराच वेळ एनिडच्या हातांकडे बघत राहिली.

‘‘तुम्ही डावखुऱ्या आहात?’’

‘‘छे गं. का?’’

‘‘चहा उजव्या हातानं ढवळता, म्हणून विचारलं. पण पात डाव्या हातानं ओढताय. वीणसुद्धा डावी आलीय.’’ सेलानं समोरच्या ढिगातला मर्व्हचा क्रूस उचलून शेजारी धरला. ‘‘हा असा, आणि तुमचा तसा. आमच्याकडे चटई बघून सांगतात, ही कुणाची लेक. कुणी शिकवलं तुम्हाला?’’

एनिडनं हातातल्या क्रुसाकडे पाहिलं. मधली तिरकी घडी डावीकडे झुकली होती. बाकावर आधीचे चार पडले होते, तेही डावे. शेजारी बसून शिकली होती ती, वीस वर्षांपूर्वी, त्याचे हात बघत, त्यानं जसं केलं तसंच. कुणी कधी सांगितलं नव्हतं. आणि स्वतःच्या हातांकडे कोण बघतं? म्हणजे टेबलावरचे तेहतीस सगळे त्याचे नव्हते. काही तिचेच होते. कुठले? तिला घरी पळत जाऊन बघावंसं वाटलं, एकेक उलटून, त्याचा कुठला, आपला कुठला. आणि त्याच क्षणी तिला गेल्या वर्षीचा शनिवार आठवला, खराखुरा, इतकी वर्षं एकात एक मिसळून गेलेल्या शनिवारांमधून वेगळा होऊन. क्लेम तिच्या उजवीकडे बसला होता. बोलत होता, भावाच्या शेताबद्दल, पावसाबद्दल. त्याच्या मांडीवर झावळी होती आणि तो पाती सोलून तिच्यापुढे ठेवत होता. ‘‘आज तू कर,’’ तो म्हणाला होता. ‘‘माझे हात आज नुसते नाचतायत.’’ तिनं हो म्हटलं होतं आणि संध्याकाळभर एकटीनं वळले होते, पन्नास की साठ. कोपराला कोपर एकदाही लागलं नव्हतं. तेव्हाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं तिला, आणि तिनं ते मनातून काढून टाकलं होतं. त्या तेहतीस क्रुसांमध्ये त्याचा एकही नव्हता.

ती उठली. ‘‘आलेच मी,’’ एवढंच म्हणाली. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. टेबलावरचे सगळे क्रूस तिनं टोपलीत भरले, कपाटातली पिशवीही घेतली, आणि परत येऊन टोपली बाकावर मधोमध ठेवली. 

‘‘हे गेल्या वर्षीचे,’’ ती म्हणाली. ‘‘मी जाळलेच नाहीत. मला वाटलं क्लेमनं केलेत. म्हणून घरी ठेवून घेतले.’’

‘‘मग आमच्या कपाळावर काय होतं?’’ मर्व्हनं विचारलं.

‘‘माझ्या शेकोटीतली राख. मी तुम्हाला फसवलं.’’

जॉस हळू आवाजात म्हणाली, ‘‘एनिड, एक मागून घ्यायचात. कोण नाही म्हणालं असतं?’’

‘‘कुठल्या नात्यानं मागू?’’ एनिडचा आवाज हॉलभर ऐकू गेला, आणि तो खाली आणायची तिला इच्छा झाली नाही. ‘‘सांग ना, जॉस. मी त्याची कोण होते? चौथ्या रांगेतली! मला त्याची आठवण येते, रोज येते, आणि ते कुणाला सांगायचं तर आधी मी कोण हे सांगावं लागतं. आणि यात त्याचा एकही नाही. सगळे माझेच आहेत.’’

सेलानं पुढे होऊन टोपलीतले दोन-तीन क्रूस निरखून पाहिले आणि परत ठेवले. मर्व्ह कपाळावर हात फिरवत होता, जिथं अजून थोडं गुलाबी होतं.

‘‘शेकोटीत लाकूड कुठलं होतं?’’ त्यानं विचारलं.

‘‘मालीची मुळं.’’

‘‘क्लेमनं आणून दिलेली?’’

एनिडनं त्याच्याकडे पाहिलं. हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘दर मे महिन्यात आणायचा.’’

‘‘तरीच चावली!’’ मर्व्ह म्हणाला. ‘‘क्लेमच तो. जिवंतपणी कधी कुणाला सरळ सोडलं नाही, मेल्यावर बरा सोडेल.’’ आणि मग त्या दांडग्या माणसाचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. एनिडचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. तिथं आता काहीच लागत नव्हतं, कातडी नेहमीसारखी झाली होती.

जाळायला त्या दिवशी बंदी नव्हती. हवा गार होती, आभाळ भरलेलं. मागच्या पायरीपाशी तिनं पत्र्याच्या डब्यात सगळे क्रूस ठेवले, डावे आणि उजवे एकत्र, आणि स्वतः काडी ओढली. वाळलेली पात होती, भडकायला वेळ लागला नाही. तिनं एकही मागे ठेवला नाही. जॉसनं राख चाळून बरणीत भरली, पुढच्या वर्षासाठी, आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहिलं: तेल.

आत आल्यावर एनिड बाकापाशी उभी राहिली. अजून निम्म्या झावळ्या शिल्लक होत्या. मग ती तिच्या जागेवर न बसता एक जागा उजवीकडे सरकून बसली आणि सेलाला म्हणाली, ‘‘इथं बस, माझ्या डावीकडे. हात बघत राहा.’’ तिनं पात उचलली. उजवीकडून वळवून बघावी, असं क्षणभर मनात आलं, पण हातानं ऐकलं नाही. सेलानंही पात घेतली आणि ओढली, आणि दोघींची कोपरं एकमेकींवर आपटली.

‘‘माफ करा हं,’’ सेला दचकून म्हणाली आणि सरकायला लागली.

‘‘सरकू नकोस,’’ एनिड म्हणाली. ‘‘लागतंच ते.’’